आत्याच्या गोळ्या आत्याच्याच ताब्यात

२ फेब्रुवारी, मोरबी

हो म्हणून टाकलं! दौंडच्या वृद्धाश्रमातून राजश्री सिस्टरचा फोन होता. "तुमची आत्या म्हणते, बीपीच्या गोळ्या माझ्याजवळ द्या, माझ्या मी घेईन. तुमची काही हरकत?" मागून आत्या — "तो काय सांगनार? त्याला शेंबूड पुसायला मीच शिकवलं!"

शिरूरला होती तवा तिनं कुणापुढं हात केला न्हाई. आता एका गोळीसाठी रांगेत का उभी राहील? बरोबरच हाय तिचं. तरी फोन ठेवल्यापासून चैन न्हाई.

९ फेब्रुवारी

आज आत्यापाशी माझंच रडगाणं. टाइल्सच्या भट्टीपुढं उभं राहून डोकं ठणकतंय, झोप न्हाई, हे काम सोडावं वाटतंय. ती म्हणली, "माझंबी असंच ठणकायचं. बीपीच असंल तुला. दवाखान्यात जा." म्हणलं, सुट्टी कोण देतंय!

२४ फेब्रुवारी

आत्याचं बीपी एकशेसत्तर. गोळी चालू असून! सिस्टर दर रविवारी पाकिटं बघते. "रिकामी पाकिटं बरोबर आहेत. एकही दिवस चुकलेला नाही." मग वाढतंय कशानं?

३ मार्च

"गोळी घेतली का?"

"व्हय रं संघर्ष! तुझं डोकं कसं हाय?"

रोज हेच.

११ मार्च

आत्या चक्कर येऊन बाथरूममध्ये पडली! हाड वाचलं. बीपी एकशेनव्वद. डॉक्टर म्हणले, एका गोळीनं भागत न्हाई, उद्यापासून दोन. मी सिस्टरला म्हणलं, गोळ्या तुमच्याकडंच घ्या. तर आत्यानं फोन ओढून घेतला — "पाय घसरला माझा, अक्कल न्हाई घसरली! एवढं तरी राहू दे माझ्या हातात."

बरं म्हणून फोन ठेवला. का ऐकलं मी तिचं?

१६ मार्च

रोहन आला शिरूरहून. माझ्याच खोलीत राहतो. काल निघताना आश्रमात डोकावला. आत्यानं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिलाय. तळाशी फडक्याची पुरचुंडी. सोडली — पांढऱ्या गोळ्या. सुट्ट्या. तीस.

रोहन म्हणला, "आत्यानं सांगितलंय, संघर्षला दवाखान्याला सुट्टी न्हाई, त्याची महिन्याची सोय केलीय. रोज एक घे म्हणावं. आता उद्यापासून माझ्या मी घेते."

उद्यापासून. म्हंजी आजपासून. इतके दिवस एकबी पोटात न्हाई, अन् आता एकदम दोन-दोन!

आश्रमाचा फोन नुसता वाजतोय. उचला की!