तिचा हात आत जात नाही

माय, गच्चीवरचा सोलर बंद पडायला आला आहे आणि मी त्याला हात लावणार नाही, हे तुला आधीच सांगून टाकते. तुला सोलर म्हणजे काय ते ठाऊक नाही. उन्हावर पाणी तापवायचं यंत्र असतं ते. काचेच्या काळ्या नळ्या आणि वर एक टाकी, झालं. सरपण नाही, फुंकणी नाही, धूर नाही, डोळे चोळणं नाही. तू असतीस तर आधी कुणाची तरी थट्टा आहे असं समजली असतीस आणि मग गच्चीवर जाऊन दिवसभर त्याच्याकडे बघत बसली असतीस.

बसवणारा आला तेव्हा त्याने गच्चीवर सगळ्यांसमोर बजावलं होतं, ‘इथलं पाणी खारं हाय. नळ्या पुसत राहा, टाकी धुत राहा, तं टिकन. नाही तं आत खार बसन.’ ऐकायला माझे यजमान होते, मुलगा होता, सून होती, मी होते. त्याचं बोलणं संपलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी ठरवून पाहिलं नाही, सवयीनं मान वळली. त्या क्षणी माझ्या मनात आलं, म्हणजे धूर गेला पण बंब काही गेला नाही. मी तेव्हाच ठरवलं. नळ्यांवर धूळ बसली, बसू दिली. कबुतरांनी घाण केली, करू दिली. शेगावला दर्शनाला म्हणून येणारे सगळे नातेवाईक आमच्याकडेच उतरतात आणि पहाटे प्रत्येकाला कढत पाणी हवं असतं. त्यांनाही मी कोमट पाण्याने आंघोळ करू दिली.

मी आळशी नाही, माय. चार माणसांचा स्वयंपाक अजून मीच करते. पण बंबाचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं, त्याला कारण तू आहेस.

आपलं गाव खाऱ्या पट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे, घागरीला आतून पांढरी साय धरायची. महाराष्ट्र झाल्याचे पेढे शाळेत वाटले होते, त्या सुमाराची गोष्ट. मी परसात उभी आहे आणि तू बंबाला बसली आहेस. दर अमावास्येला तू बंब रिकामा करायचीस. आदल्या संध्याकाळी चिंचेचं पाणी भरून ठेवलेलं असायचं. सकाळी बांगड्या वर सारून तू त्या अरुंद तोंडातून हात आत घालायचीस आणि करवंटीच्या तुकड्याने खार खरवडायचीस. घरात तुझ्याशिवाय कुणाचा हात त्या तोंडातून जात नव्हता, म्हणून ते काम तुझं. बाहेर काढलेला हात कोपरापर्यंत ओरखडलेला असायचा आणि त्यावर चिंच झोंबायची. एवढं करून आधी आजोबांची आंघोळ, मग बाबांची, मग काकांची, मग आम्हा पोरांची. तुझ्या वाट्याला तळातलं उरलेलं यायचं, त्यात तू गार पाणी ओतायचीस. एकदा आजोबा न्हाणीतूनच ओरडले होते, ‘पाणी हाय का ताक?’ तू कपाशीच्या आणखी चार पऱ्हाट्या आत सारल्यास.

मी जवळ आले की तू खेकसायचीस. ‘इथं काय करून राह्यली? जाय, पुस्तक घे.’ मला वाईट वाटायचं. आईला आपण जवळ नको असतो, असंच मी कितीतरी वर्षं धरून चालले.

मग ती दुपार. आत्या माहेरपणाला आली होती. तुझा ओरखडलेला हात बघून ती म्हणाली, ‘पोरीचा हात बारीक हाय. तिले शिकव आता. उद्या सासरी कामी येईन.’ तू बंबावरून मानही वर न करता म्हणालीस, ‘तिचा हात नाही जात आत.’

‘काऊन नाही जात? काडीवानी तं हाय.’

‘नाही जात म्हन्लं ना.’

तू माझा हात एकदाही घालून पाहिला नव्हतास. मोठ्या नणंदेसमोर तोंडातून शब्द न काढणारी तू, एवढं एकच बोललीस आणि त्यावर अडून राहिलीस. आत्या दोन दिवस फुगून बसली. तू मात्र परत पऱ्हाट्या मोडायला लागलीस.

गेल्या रविवारी आमच्याकडे भांडण झालं. मुलगा न्हाणीतून तणतणत बाहेर आला. ‘आई, तू तं घरीच राहते. नळ्या पुसल्या असत्या तं काय बिघडलं असतं?’ मी म्हटलं, ‘तुह्या हाताले काय मेंदी लागली हाय का?’ यजमानांनी पेपर तोंडासमोर धरला. मुलगा मग सुनेकडे वळला. ती शाळेत शिकवते, बिचारी सुट्टीच्या दिवशीही गिरणीतून आलेलं पीठ डब्यात भरत होती. ‘तू तरी जाय वं. आज सुट्टी हाय.’

माझ्या तोंडून निघालं, ‘तिचा हात नाही जात आत.’

मुलगा बघतच राहिला. ‘आई, आत हात घालायचाच नाही. वरून पुसायचं हाय नुसतं.’

‘तरी नाही जात.’

सून हसू दाबत डबा घेऊन आत गेली. मुलगा बराच वेळ पाय आपटत फिरला आणि शेवटी फडकं घेऊन स्वतः जिना चढला. चार नळ्या पुसून उतरला. पाणी अजून कोमटच आहे, टाकीत खार तसाच आहे आणि राहणार आहे, जोवर ते दोघे बापलेक वर जात नाहीत. मी रोज पहिली आंघोळ करते. जे काय गरम येतं, ते पहिलं माझं, दुसरं सुनेचं. तुला पटणार नाही. न पटू दे.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार? पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन. एकच सांगायचं राहिलं. त्या दुपारी तू आणि आत्या घरात गेल्यावर मी बंबात हात घालून पाहिला होता. सहज गेला, माय. खांद्यापर्यंत गेला.