दिब्ब्याहून खोरफक्कानला

आई,

आज सकाळी सायकलच्या चाकात हवा भरताना तुझी आठवण आली आणि मग ती गेलीच नाही, म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आठवतं ते आजारपण नाही. आठवतो तो नव्वदच्या दशकातला, अमिरातीतला सुट्टीचा शुक्रवार, दिब्ब्याहून खोरफक्कानला जाणारा समुद्राकाठचा रस्ता, आणि माझ्या पुढे वाऱ्याने फुगलेली तुझी निळी कमीज.

बाबांचं तेव्हा शहराबाहेर, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, पाण्याच्या टाक्या. आपण अबू धाबीत, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तू पहाटे उठून वर्कशॉपमधल्या माणसांचे डबे करायचीस, मला स्कूल बसमध्ये बसवायचीस, आणि मग दिवसभर घरात तू आणि एसीची घरघर. सांगलीजवळच्या तुझ्या गावाहून तू कॉलेजला सायकलने जायचीस, उसाच्या ट्रॉल्यांना मागे टाकायचीस, हे तू कणीक मळता मळता सांगायचीस आणि मला ते काही केल्या डोळ्यांपुढे यायचं नाही. एका हिवाळ्यात तू ठरवलंस की मला घेऊन कायमचं परत जायचं. भांडण झालं नाही. इथे जीव घुसमटतो, एवढंच तू म्हणालीस, आणि बाबांनी मुकाट्याने तिकिटं काढली. जाण्याआधी तुला काय हवं, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या मनात सोन्याचं दुकान असणार. तू म्हणालीस, "एक सायकल, आणि ट्रक नसलेला रस्ता."

इथे बायका सायकल चालवत नाहीत, असं बाबा म्हणाले. म्हणून तर परत चालले आहे, असं तू म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू डब्यांबरोबर स्वतःच मुसफ्फाला गेलीस आणि वर्कशॉपमधल्या चिपळूणच्या वेल्डरकाकांना तिथेच पडलेली एक जुनी सायकल दाखवलीस. काकांनी तिचा आडवा दांडा कापला आणि खाली उतरवून जोडला. रंग दिला तो शिल्लक होता तोच, गेटचा हिरवा.

त्या शुक्रवारी बाबांनी पिकअपमध्ये तुझी हिरवी आणि माझी लाल सायकल घातली आणि अंधार असतानाच आपण निघालो. दिब्ब्याला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. डावीकडे समुद्र, उजवीकडे तपकिरी डोंगर, मधून गुळगुळीत डांबरी रस्ता. पहिल्या दोन पॅडलांना तू डगमगलीस. बाबांनी "अगं, सांभाळ" म्हणेपर्यंत तू लांब गेली होतीस.

मी जीव तोडून मागे येतेय. कोळ्यांनी वाळूत मासळी वाळत घातलीय, तिचा वास नाकात बसलाय. शेळ्या रस्ता अडवून उभ्या आहेत आणि तू त्यांना मराठीत बाजूला व्हायला सांगतेयस. एका गावात केरळी किराणावाला दुकानाबाहेर येऊन बघत राहतो. खजुरांच्या बागांतून पाटाचं पाणी वाहतंय. आणि आपल्या मागे, बैलगाडीच्या चालीने, चारही इंडिकेटर लुकलुकवत बाबांची पिकअप.

बिदिया गावाच्या पुढे एका बागेच्या फाटकाशी, तोंडावर तिथल्या जुन्या बायका घालतात तो चकाकणारा, मुखवट्यासारखा बुरखा घातलेली एक म्हातारी बसली होती. तिने हात वर करून आपल्याला थांबवलं. तुला वाटलं, आता ओरडा बसणार. तिला हिंदी येत होतं, तिथल्या जुन्या लोकांना येतं तसं. कुठून आलात, हे तिने विचारलं, टायर दाबून पाहिला आणि मग इतकी हसली की तिला खोकला आला. हा रस्ता नव्हता तेव्हा आम्ही दिब्ब्याला गाढवावरून जायचो, असं तिने सांगितलं. आपल्याला गाहवा, त्यांची वेलचीची कॉफी, दिला, खजूर दिले, तुझ्या पिशवीत लिंबं कोंबली. मग तिची नजर पिकअपकडे गेली.

"ये आदमी पीछे पीछे क्यों आता है?"

"डर लगता है उसको," तू म्हणालीस.

म्हातारी उठली, काठी टेकत गाडीच्या खिडकीशी गेली आणि बाबांना म्हणाली, "तुम जाओ. खोरफक्कान में चाय पियो. यल्ला." आणि बाबा गेले, आई. वर्कशॉपमध्ये ज्यांचा शब्द कोणी मोडत नसे, ते इंडिकेटर बंद करून निमूटपणे गेले.

त्यानंतरचा रस्ता आपल्या दोघींचा होता. चढावर तू उतरून सायकल ढकललीस, मीही ढकलली. वर पोचल्यावर खाली खोरफक्कानचा अर्धगोल किनारा दिसला. मी विचारलं, दमलीस का? तू नाही म्हणून मान हलवलीस, ओढणी कमरेला घट्ट बांधलीस आणि उतारावर स्वतःला सोडून दिलंस. तुझ्या तोंडून निघालेला तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. किंचाळणं नव्हे, गाणंही नव्हे, उसाच्या ट्रॉलीला मागे टाकणाऱ्या मुलीचा असेल तसा. त्या क्षणी मला तुझी सगळी गोष्ट खरी वाटली.

बाबा कॅफेटेरियाबाहेर उभे होते, हातातला चहा तसाच. तू सायकल भिंतीला टेकवलीस, त्यांच्या हातातला कप घेतलास, गार चहा एका दमात प्यायलीस.

"अहो, तिकिटं रद्द करा," तू म्हणालीस. "पण शुक्रवार माझा."

बाबांनी आत वळून आणखी तीन चहा सांगितले.

मग दोन हजार सालानंतरही, तू होतीस तोवर, शुक्रवार तुझाच राहिला. अल ऐनच्या बागांमधले रस्ते, कल्ब्याचा किनारा. घरात तू गुणगुणायला लागलीस. डबे तेच, स्वयंपाकघर तेच, पण खिडकी उघडी असायची.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. उद्या पहाटे मी निघतेय, तोच रस्ता, एकटी. सुट्टी नाहीये. ऑफिसात ताप आल्याचं कळवलंय, आणि आई, मला साधी सर्दीसुद्धा नाही.