पत्रिकांच्या पाठीवरचं ग्रीक-लॅटिन

३ नोव्हें.
घरच्या संकलन केंद्रावरचं सकाळचं दूध उरकलं. पल्लवी दिवाळीला घरी आलीय पण तोंड उतरलेलं. नर्सिंगचं पहिलं वर्ष, सगळं इंग्रजीत. मॅडम म्हणतात, शब्द तोडा, ग्रीक-लॅटिनचे तुकडे पाठ करा. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केलीत तिने, कोऱ्या बाजूला तुकडा अन् अर्थ. अर्थावर अंगठा ठेवून मी विचारायचं. माझं नववीपर्यंतचं इंग्रजी, पण अक्षरं लागतात.

५ नोव्हें.
हायपर? जास्त. हायपो? कमी. ‘कार्डिओ’ला अडली. माझ्याच तोंडून निघालं, हृदय. बघतच राहिली. “आई, तुला कसं गं?” दिवसभर विचारतेय कोण?

७ नोव्हें.
लॅक्टो म्हणजे दूध, लॅटिन. मीटर म्हणजे मोजणारा, ग्रीक. लग्न झाल्यापासून रोज लॅक्टोमीटर दुधात सोडतेय, कुणी सांगितलं नाही. राग आला. कुणाचा, ते कळेना. संध्याकाळी वहीत दुधाचं फॅट लिहिताना दोनदा चुकले. बघेल तो शब्द तोडावासा वाटतोय. टेलि, थर्मो...

९ नोव्हें.
सुमनआक्का दूध घालायला आल्या, रडकुंडीला. डॉक्टरने गॅस्ट्रायटिस सांगितलंय. “लई मोठा आजार हाय का गं?” म्हटलं, गॅस्ट्रो पोट, आयटिस सूज. पोटाला आतून सूज आलीय. आक्कांच्या जिवात जीव आला. पल्लवी आतून ऐकत होती. “तू काय डॉक्टर हायस? उद्या कुनाला काही झालं म्हंजे? अन् परीक्षा माझी हाय, आई.”
खरं आहे तिचं. तरी दिवसभर भांडी आपटली.

१२ नोव्हें.
जेवताना ह्यांना म्हटलं, बाहेरून दहावीला बसू का. हसले. वाईट नाही हसले, पण ताटातून मान वर नाही. “मग दूध कोन घेनार?”
मी ताटं उचलली. चार शब्द बोलायला हवे होते. आता सुचतायत, आता काय उपयोग.

१३ नोव्हें.
पल्लवीला नगरच्या एसटीत बसवून आले. घर खायला उठलं. ती गेली म्हणून, हे खरंच. पण कार्डं गेली म्हणूनही. लाज वाटते लिहायला.
दुपारी बघते तर गठ्ठा दुधाच्या कॅनवर! तेवढ्यात तिचाच फोन. “आई, कार्डं राहिली. सकाळच्या गाडीला दे ना.” देते म्हटलं.
फोन ठेवला अन् माळ्यावरच्या पत्रिका काढल्या. कापायला बसले. निम्मी उतरवून झाली तोवर संध्याकाळचं दूध घालायला लोकं आली. हे दारात. “लोकं खोळंबलीत. अन् पल्लवीची कार्डं हायत ना, मग ही कुनासाठी?”
“माझ्यासाठी. आजचं दूध तुमी घ्या.”
ह्यांनी लॅक्टोमीटर उचलला अन् बाहेर गेले. कुणीतरी विचारलं, “आज वैनी कुठंय?” किटल्यांच्या खडखडाटात ह्यांचं उत्तर ऐकू आलं नाही. अजून कार्डं बरीच उरलीत.