खिशात मावेल एवढं

४ फेब्रुवारी, मंगळवार

हत्याराचा परवाना आला! दोन वर्षं अर्ज कचेरीत झोपला होता, आणि जागा झाला तो नेमका आमच्या साक्षीच्या लग्नाला महिना उरला असताना. गायरानाच्या केसमध्ये एकाने माझी स्कूटर अडवली होती, तेव्हा मागितला होता. ती केस मिटली. अडवणारा आता बाजारात भेटला की नमस्कार घालतो. परवाना मात्र आत्ता खरा लागणार, असं दिसतंय.

ज्योत्स्नाला दाखवला. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, शाळेतले निबंध तपासते तसा. मग परत दिला. "फाडून टाका." एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज संपत येऊन गेला. भारतचा, म्हणजे होणाऱ्या जावयाचा, सख्खा चुलता. कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसात आला, चप्पल बाहेर काढली, हात जोडले. आवाज एकदम मऊ.

"वकीलसाहेब, तुमच्यासंगं माझं काई वाकडं न्हाई. पोरगी तुमची हुशार हाये, बँकेत सायेब हाये. भारत बी तिथंच हाये, झालं त्यांचं. पन लग्न मी व्हऊ देनार न्हाई. हे ध्यानात ठिवा."

चहा मागवला. त्याने पेल्याला हात लावला नाही. बोलत राहिला, आणि चहावर साय धरली. मला त्याच्या बोलण्यापेक्षा त्या सायीनेच जास्त कळलं. आमच्या घरचं पाणी ज्याला चालत नाही, त्याला आमची मुलगी घरात कशी चालणार!

ठाण्यात अर्ज दिला. घेतला त्यांनी. "बघतो साहेब." काय बघणार? 'होऊ देणार नाही' एवढ्यावर उद्या कुणी त्याला आत घातलं, तर मीच त्याला दुपारपर्यंत जामीन मिळवून देऊ शकेन.

साक्षीला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संभाजीनगरला गेलो. बंदुकीच्या दुकानात आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला. बाहेरून घड्याळाचं दुकान वाटावं इतकं शांत. आत एक म्हातारे गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी. परवाना उजेडात धरून बघितला. किती दिवसांत घ्यायचं, कशासाठी, काही विचारलं नाही. विचारलं ते एकच—

"कौनसे कपड़ों में रखेंगे, वकीलसाब?"

कोट म्हणालो असतो तर खोटं झालं असतं. कोर्टात हत्यार नेता येतच नाही. शेवटी सांगितलं: पांढरी पँट, पांढरा शर्ट, वर जाकीट. पँटच्या खिशात. कुणाला दिसता कामा नये.

"सफेद में?" त्यांनी मान हलवली. "सफेद बहुत चुगलखोर रंग है."

तीन काढून ठेवली. पहिलं पिस्तूल, चपटं. चपटं म्हणून खिशात बरं बसेल असं वाटलं, पण लांब आणि जड. खिशात टाकून दोन पावलं चाललो तर पँट एका बाजूने खाली ओढली गेली. दुसरं रिव्हॉल्वर, बत्तीस बोअरचं, नळी आखूड. दणकट. पण मधली गोळ्यांची चक्री मांडीवर अशी फुगून दिसते की खिशात कांदा घेऊन फिरतोय असं वाटावं. तिसरंही रिव्हॉल्वरच, पण बावीसचं. हलकं, मुठीत मावणारं. खिशात घातलं आणि आरशात बघितलं—काही नाही! रुमाल असेल म्हणतील.

"ये छुपेगा अच्छा," म्हातारे म्हणाले. "लेकिन ये आदमी को रोकेगा, इसका भरोसा मैं नहीं देता. दुसरावाला रोकेगा. वो छुपेगा नहीं."

म्हणजे लपवायचं की थांबवायचं, एकच मिळेल. चहा पिऊन येतो म्हणालो आणि बाहेर फुटपाथवर किती तरी वेळ उभा राहिलो. एक बाप म्हणून थांबवणारं घ्यायला पाहिजे, हे कळत होतं. पण लग्नाच्या दिवशी साक्षीची नजर माझ्या खिशावर गेली तर? तिचा सगळा दिवस तिथंच काळा पडेल. मला तिला मरणापासूनही वाचवायचंय आणि भीतीपासूनही.

लहान घेतलं.

१२ फेब्रुवारी

ठाण्यात नोंद करून आलो. शिपाई हातात घेऊन म्हणाला, "साहेब, जत्रेतलं वाटून राह्यलं!" सगळे हसले. मीही. घरी आल्यावर कपाटात ठेवलं तर ज्योत्स्ना म्हणाली, या कपाटात नाही. वर बुद्धांचा फोटो आहे. मग पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आणलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साक्षीचा हुकूम पहिल्यापासूनच आहे: दोन्हीकडच्या घरच्यांनी पांढरंच घालायचं. नवरा-नवरी तर पांढऱ्यात असतातच आपल्यात. पण तिला सगळा मंडप पांढरा पाहिजे. "बाबा, तुम्ही कोर्टात जन्मभर काळं घातलंत, एक दिवस माझ्यासाठी!" यावर कोण नाही म्हणेल?

तर मास्तरांकडे पँट शिवायला टाकली. वीस वर्षं माझे कोट हेच शिवतात. म्हणालो, उजवा खिसा जरा खोल ठेवा, आत दुहेरी अस्तर घाला, जाड, रंग दिसला नाही पाहिजे.

"काय ठिवायचं साहेब?"

"मोबाईल."

मास्तरांनी टेप गळ्यात अडकवला आणि माझ्याकडे बघत राहिले. "मोबाईलला अस्तर कशाला? तो काय लाजतो का?" मग त्यांनीच मान खाली घातली, खडूने खुणा केल्या, आणि अगदी हळू म्हणाले, "तोंड वर राहील असा कप्पा करतो आतून. आडवं पडनार न्हाई."

म्हणजे मास्तरांना कळलं. मास्तरांना कळलं म्हणजे अंबडच्या निम्म्या गावाला कळणार. मी लपवतोय नक्की कुणापासून?

२० फेब्रुवारी

पँट आली. दार लावून तालीम केली. रिकामंच, गोळ्या न भरता. उभा राहिलो, चाललो, खुर्चीत बसलो, जिना चढलो उतरलो. वंदनेला गुडघे टेकून वाकून बघितलं—दिसत नाही. फक्त बाहेर काढताना मागचा घोडा अस्तरात अडकतो. दोनदा अडकला. तिसऱ्यांदा अंगठा त्यावर ठेवून काढलं, मग सुटलं. पन्नाशी उलटलेला माणूस आरशासमोर खिशात हात घालून-काढून करतोय! स्वतःचीच शरम वाटली.

ज्योत्स्ना दारात कधी आली कळलं नाही. बघत होती. म्हणाली, "पंचशील घेताना दोन्ही हात जोडलेले असतील ना? मग हा खिशात कोणता हात घालणार आहात?"

कोर्टात असा प्रश्न कुणी विचारला असता तर मी तारीख मागून घेतली असती.

तिच्यावर चिडलो. उगीच. ती घाबरलेली आहे आणि मीही. आम्ही दोघं एकाच भीतीला दोन बाजूंनी धरून बसलोय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रामरावांचा फोन आला—भारतचे वडील. आजवर कधी बोलणं झालं नव्हतं. भारत म्हणायचा, दादा लग्नाला येणार नाहीत, भावाच्या शब्दाबाहेर ते कधी गेलेले नाहीत. आणि आज स्वतःहून!

"व्याही, मी येऊन राह्यलो लग्नाला. एकलाच येतो. बाप जिता असून पोराचं बिनबापाचं लगीन कशाला?"

व्याही म्हणाले. पहिल्यांदाच. मी वकिली आवाजात "या, या" म्हणालो.

बरंच बोलले. कुंभार पिंपळगावच्या पुढे शेतात त्यांची वस्ती. दोघा भावांचे उंबरे शेजारी-शेजारी. संपतने विहिरीवरची यांची मोटार बंद केलीय. बोलणं तोडलंय. द्वारकाबाईंना, भारतच्या आईला, त्यांनीच माहेरी धाडून दिलं, म्हणे वातावरण बराबर न्हाई. "मी हाये आन माझी गुरं हायेत." मधेच हसले. "पोरांच्या अंगाला कुनी हात लावनार न्हाई, तुमी बिलकुल काळजी करू नका. मी हाये ना."

मी विचारलं: संपतबरोबर माणसं किती असतात? गाडी कोणती? कोणत्या रस्त्याने येतील? त्यांनी सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं. तेवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

२ मार्च, रविवार

साक्षी आली होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही हल्ली हसतच नाही." हसून दाखवलं.

५ मार्च

परवान्याच्या अटी पुन्हा काढून वाचल्या. जाहीर ठिकाणी हत्यार झाकलेलं असावं, हे आहे. लग्नकार्यात नेऊ नये, असंही कुठंतरी असणारच. ते मी शोधलं नाही. पक्षकाराने असं केलं असतं तर त्याला झापलं असतं.

८ मार्च, शनिवार

उद्या. गोळ्या भरल्या.

लहानपणी आजोबा सांगायचे, दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी दारामागची कुऱ्हाड सोडून सगळी हत्यारं विहिरीत टाकली. कुऱ्हाड का ठेवली, विचारलं तर म्हणायचे, "सरपनाला लागते बाबा." मला काय लागतंय? माझ्या मुलीने ज्याच्यावर जीव लावला त्याच्याशी लग्न करावं, आणि संध्याकाळी दोघांनी हसत जेवावं. यासाठी खिशात लोखंड घालावं लागतंय, याचा राग येतो. रडू पण येतं. इथं लिहितो, दुसरीकडे कुठं लिहू!

९ मार्च, रविवार. संध्याकाळ

झालं. लग्न झालं!

सकाळपासून खिशाला हात लावून लावून तिथली इस्त्री मोडली. फाटकावर दोन शिपाई दिले होते, ते पहिल्या पंगतीलाच जेवायला बसले. संपत आला नाही. त्याची गाडी आली नाही. कुणीच आलं नाही. सगळा मंडप पांढरा. साक्षी अशी दिसत होती की मी तिच्याकडे नीट बघूच शकलो नाही. मी फाटकाकडे बघत होतो. मुलीचं लग्न मी फाटकाकडे बघत लावलं.

पंचशील सुरू झालं. पहिलंच शील, जिवाची हिंसा करणार नाही. जोडलेले हात छातीशी, मांडीला थंड वजन, आणि माझा आवाज बाहेर येईना. शेजारी ज्योत्स्ना जोरात म्हणाली. माझ्याही वाट्याचं तीच म्हणाली, असं वाटलं.

रामराव एसटीने आले होते. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. कोपऱ्यात उभे. विधी संपला तसे बौद्धाचार्य माईकवर म्हणाले, "आता दोन्ही व्याह्यांनी गळाभेट घ्यावी."

गळाभेट! चालणं तपासलं, बसणं तपासलं, जिना तपासला—व्याह्याची भेट माझ्या डोक्यातच आली नाही. लग्न म्हटलं की व्याही भेटतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण रामराव येतील असं मी त्यांचा फोन आल्यावरही मनात धरलंच नव्हतं, मग तालीम कशी करणार? ते हात पसरून आले. शेतकऱ्याची मिठी, अर्धवट नाही. अंगाला अंग. त्यांच्या मांडीला ते लागलं.

ते थांबले. मी पण. फोटोवाला म्हणत होता, असेच रहा, असेच रहा.

माझ्या कानाशी ते हळूच म्हणाले, "व्याही, हे मलाच देऊन टाका की आज. तुमाला कशाला लागतंय? घरी तर मला जायाचंय."

मला इतकं हलकं वाटलं! रागावले नाहीत, अपमान धरला नाही, उलट थट्टा केली. मी खळखळून हसलो आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्या बाजूने भेटलो.

आमच्या पंगतीला बसून पोटभर जेवले. साक्षीने पाया पडल्यावर तिचं डोकं दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मी म्हणालो, आजचा दिवस राहा. "गुरं बांधेल हायेत. पाणी कोन पाजीन?" पिंपळगावच्या गाडीत मीच बसवून दिलं. खिडकीतून हात हलवला.

रिव्हॉल्वर रिकामं करून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. ज्योत्स्ना म्हणाली, "लागलं नाही ना शेवटी?" नाही म्हणालो. महिन्यात पहिल्यांदा भूक लागलीय.

१० मार्च, सोमवार

रामरावांना रात्री मारून टाकलं. वस्तीवर, गोठ्यात, गुरांना पाणी पाजताना. संपतने. भारतला मी सांगितलं.

गळाभेटीत त्यांचा चेहरा माझ्या खांद्यामागे होता. मी हसलो. ते हसत होते का, मी बघितलंच नाही.