वरची लाल ओळ

३ ऑक्टोबर

मालकांचं पत्र आलं. मालक म्हणजे आमच्या हेलिकॉप्टर-मंडळाच्या संकेतस्थळाचे मालक. एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी ते सुरू केलं, तेव्हापासून त्यांना हेच नाव. पत्र चार ओळींचं. “डोळे साथ देत नाहीत. कोणी येतही नाही. ३१ तारखेला दुपारी बारा वाजता बंद करतो. ज्याला काही जपून ठेवायचं असेल त्याने आधी काढून घ्यावं.”

हिला सांगितलं. ही म्हणाली, “अजून चालू होतं?”

काही वाटलं नाही. दाढी केली, कामावर गेलो. तीन लिफ्ट तपासल्या. एकीच्या दाराचं चाक घासलंय.

४ ऑक्टोबर

एके काळी अकराशे चाळीस सभासद! सगळे वेडे. घरातल्या मोटारीची जागा अडवून सुट्या भागांचं एका माणसापुरतं हेलिकॉप्टर जुळवत बसणारे. नाकापेक्षा मोती जड. घरच्यांना आमच्यापैकी कोणाचंच काही कळायचं नाही, म्हणून मंडळ. तिथे रात्रंदिवस भांडण, सल्ले, फोटो. आता फोटोंच्या जागी नुसते फुली मारलेले चौकोन. मधल्या काळात तेल विकणारे घुसले, केस उगवायचं तेल. तेही कंटाळून गेले.

आज खाली आकडा होता: सभासद १, पाहुणे १. सभासद म्हणजे मी. पाहुणा रोज असतो, वर्षानुवर्षं. तो माणूस नसतो म्हणे, पानं हुंगत फिरणारं यंत्र असतं. दुकान बंद व्हायला आलं आणि गिऱ्हाईक एकच, तेही यंत्र.

६ ऑक्टोबर

पानं जपून ठेवायला बसलो. पहिलं पान उघडलं की सगळ्यात वर ती लाल ओळ.

“भोवरा — निघतोय. नदीपर्यंत जाऊन परत. ४.५० ला उतरतो.”

आमची रीत होती. उडायच्या आधी लिहायचं: निघतोय, कुठे, किती वाजता उतरणार. आधी लिहायचं, मग यंत्राला हात लावायचा. ओळ लाल व्हायची. उतरल्यावर “उतरलो” एवढंच लिहायचं, की ती हिरवी होऊन खाली जायची. लाल आहे तोवर सगळ्यात वर. आणि दर आठवड्याला एक जण राखणदार. त्याने लाल ओळीवर नजर ठेवायची. दिलेल्या वेळेनंतर अर्धा तास थांबायचं, मग त्या माणसाच्या घरी फोन आणि शोधाशोध. नव्या लोकांना पोरखेळ वाटायचा. एकदा एक जण “उतरलो” लिहायचं विसरून थेट जेवायला गेला. अर्ध्या तासाने फोन गेला तो त्याच्या सासूला! सासूला पत्ताच नव्हता की जावई उडतो.

अकरा हजार तीनशे सेहेचाळीस ओळी. एक सोडून सगळ्या हिरव्या.

सहा वर्षं झाली. त्या आठवड्याचा राखणदार मी होतो.

७ ऑक्टोबर

कालचं वाचलं. पुढे लिहवलं नाही.

९ ऑक्टोबर

सकाळी मंडळात आपोआप पाटी लागली: “आज वाढदिवस — भोवरा (६१). शुभेच्छा द्या!” यंत्राला कोण सांगणार. गेला तेव्हा पंचावन्नचा होता. मेल्यावरही त्याचं वय वाढतंय, आणि मी मात्र तिथेच.

एका ऑफिसच्या इमारतीत दोन मजल्यांच्या मधे बाई अडकली होती. तिला वीस मिनिटांत काढलं. ती मला म्हणाली, “वीस मिनिटं! माणूस मरतं वीस मिनिटांत!” मी बरं म्हटलं. सही घेतली.

१२ ऑक्टोबर

दाताच्या डॉक्टरचा फोन. मंडळात माझ्याशिवाय कधीतरी डोकावणारा हाच एक उरलाय. त्याचं हेलिकॉप्टर त्याने चार वर्षांपूर्वी विकलं. आता छतावरून खेळण्यातलं ड्रोन उडवतो.

“अरे, बंद होतंय म्हणे.”

“हो.”

“वाईट झालं.”

“हो.”

त्याच्या मागे दात कोरायचं यंत्र घुंई करत होतं, कोणीतरी तोंड उघडून बसलं असणार. म्हणाला, “पात्यांचं ते भांडण... तेही जाईल ना सगळं?” मी म्हटलं, सगळंच जाणार. “बरं,” म्हणाला. “बरंच आहे मग.” आणि फोन ठेवला.

त्यालाही माहीत आहे. त्याला नसणार तर कोणाला!

१५ ऑक्टोबर

आज ते पान आलं. “लाकडी पाती की फायबरची?” तीनशे ऐंशी उत्तरं, त्यातली निम्मी माझी आणि दाताच्या डॉक्टरची. वासरात लंगडी गाय शहाणी, तशा दोन लंगड्या गायी.

लिहून टाकतो. इथे कोण वाचतंय.

त्या रविवारी मी झोपलो नव्हतो, बाहेर नव्हतो, कामावर नव्हतो. मी मंडळातच होतो! राखणदार म्हणून खुर्चीत बसलेला, आणि शेजारच्या पानावर पात्यांवरून भांडणारा. प्रत्येक उत्तराखाली वेळ छापलेली आहे. ५.०५ — “लाकडाला कंप कमी, हे शेंबडं पोरही सांगेल.” ५.३१. ५.५२ — हे सगळ्यात लांबलचक. ६.१४ — “ज्यांना कळत नाही त्यांनी बोलू नये.”

६.१४ ला हे लिहून खूश झालो होतो. आठवतंय. उत्तराची वाट बघत बसलो, मग उठून पाणी प्यायलो. मग पहिल्या पानावर गेलो. लाल ओळ. ४.५०. घड्याळात ६.४०.

पाच वीसला करायचा फोन मी सहा चाळीसला केला. तो नदीपलीकडे मक्याच्या शेतात सापडला आठ वाजून दहा मिनिटांनी. मांडी फाटली होती. पहाटे गेला. रक्त फार गेलं, असं डॉक्टर म्हणाले. तासभर आधी आणला असता तर, असं कोणी म्हणालं नाही. तसं नाही, असंही कोणी म्हणालं नाही.

ते पान जपून ठेवायच्या यादीत घातलं नाही.

१६ ऑक्टोबर

अजून एक राहिलं.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं होतं, “भाऊजी, तुमच्या कधी लक्षात आलं?” भोवऱ्याची बायको. रडत नव्हती, नीट विचारत होती. आणि मी म्हणालो, “पाच वीसला, वहिनी. लगेच फोन लावत होतो. तुमचा लागतच नव्हता.”

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून सरळ आलं, जणू तसंच घडलं होतं.

त्या “बरं” म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेलो नाही.

१७ ऑक्टोबर

ही बाजारातून आली. पिशव्या ठेवता ठेवता म्हणाली, “वहिनी भेटल्या. अजून औषधांच्या दुकानातच आहेत. तुमची चौकशी करत होत्या.”

“काय?”

“बरे आहेत का, उडतात का अजून. मी म्हटलं, कसले उडतायत, महिन्यातून एकदा जाऊन इंजिन फिरवून येतात. आणि अहो, त्यांच्याकडे दोन फोन असतात. एक बंद पडला तर दुसरा. सहा वर्षं दोन-दोन फोन वागवतायत. त्या दिवशी लागला नव्हता ना, म्हणून असेल.”

मी बटाटे टोपलीत ओतले. एक घरंगळला, तो उचलला. एवढं आठवतंय.

१९ ऑक्टोबर

भोवरा गेला आणि मंडळ उलगडत गेलं. कोणी तसं बोललं नाही. पण पान उघडलं की आधी ती ओळ, मग “पेट्रोल कोणतं वापरावं?” कोणाचं मन लागणार! नवे लोक विचारायचे, हा कोण, अजून उतरला कसा नाही? जुने उत्तर द्यायचे नाहीत. मग एकेक जण फोनवरच्या गटांत गेला. तिथे दिवसभर फुलांची चित्रं आणि शुभ सकाळ. कोणी निघतोय लिहीत नाही, कोणी उतरलो लिहीत नाही. आज मेला, उद्या दुसरा दिवस.

ती ओळ राखणदाराला मिटवता येते. माझ्याकडे अजून किल्ली आहे. एक बटण. सहा वर्षांत नाही दाबलं.

पाहुणा दुपारी एक ते चार नसतो. आज पहिल्यांदा ध्यानात आलं. यंत्रालाही जेवणाची सुट्टी! मजाच आहे.

२२ ऑक्टोबर

चार लिफ्ट. डोकं दुखतंय.

२४ ऑक्टोबर

सात दिवस राहिले. ३१ ला बारा वाजता सगळ्या वेळा पुसल्या जातील. ५.०५, ५.३१, ५.५२, ६.१४. मग माझा शब्द तेवढा उरेल: पाच वीस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुटलो असं वाटायला हवं होतं. वाट बघतोय, वाटत नाही. आणि ते दोन फोन डोक्यातून जात नाहीत. आपला फोन लागला असता तर नवरा वाचला असता, असं त्यांना वाटतंय. सहा वर्षं! ते मी त्यांच्या गळ्यात बांधलं.

२५ ऑक्टोबर

वहिनींना पत्र लिहायला घेतलं. “सादर नमस्कार” च्या पुढे गेलं नाही.

२७ ऑक्टोबर

ठरवून गेलो. कामावरून लवकर निघालो, साडेपाचला औषधांच्या दुकानासमोर. पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिलो. दारावर पाटी, दुपारी एक ते चार बंद. काचेतून दिसत होतं सगळं. वहिनी गल्ल्यामागे, चष्मा नाकावर, संगणकाकडे बघत. केस पिकलेत. गिऱ्हाईक आलं की उठत होत्या, गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देत होत्या, पुन्हा येऊन पडद्याकडे. गल्ल्यावर दोन फोन, शेजारी शेजारी, उताणे.

रस्ता ओलांडायला तीन वेळा पाय उचलला. तिसऱ्यांदा सायकलवाला अंगावर आला. “काका, मरायचंय का?”

परत आलो. हिने विचारलं, उशीर का. म्हटलं, लिफ्ट अडकली होती.

खोटं बोलणं किती सोपं जातं मला. ते नवीन नाही.

२९ ऑक्टोबर

उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. एकदा उडतो. मंडळ आहे तोवर एकदा लिहून, रीतसर. डॉक्टरचा दाखला दरवर्षी घेतो, यंत्र ठीक आहे. मग परवा बंद होऊ दे काय व्हायचं ते.

हिला सांगितलं. ही बराच वेळ डबे पुसत बसली, पुसलेलेच.

३० ऑक्टोबर

मैदानावर कोणी नव्हतं. शेडचं कुलूप तेल घालून उघडलं. हेलिकॉप्टर ढकलत बाहेर आणलं. माझी लाकडी पाती. कापडाने पुसली.

फोनवर मंडळ उघडलं आणि लिहिलं. बोटांनीच लिहिलं, विचार केला नाही. “निघतोय. नदीपर्यंत जाऊन परत. ४.५० ला उतरतो.” पाठवल्यावर वाचलं. शब्दन् शब्द त्याचेच! वेळसुद्धा. लाल झालं. त्याच्या ओळीवर माझी ओळ.

आत बसलो. पट्टा बांधला. चावीला हात लावला आणि तसाच बसून राहिलो. भीती नव्हती. भीती असती तर बरं झालं असतं. नुसतं बसावंसं वाटत होतं. समोर गवत, गवतात एक कुत्रं, त्याने माझ्याकडे बघितलं आणि गेलं. किती वेळ गेला कळलं नाही. मग उतरलो, यंत्र आत ढकललं, कुलूप लावलं, घरी आलो.

आता घरी पोचून पाच मिनिटं झालीत. ही चहा ठेवतेय. उद्या बारा वाजता संपलं. वहिनींना काही सांगणार नाही. एवढंच खरं, आणि त्याचंही काही वाटत नाही.

फोन वाजतोय.

३० ऑक्टोबर, संध्याकाळी

फोन वाजला तेव्हा भिंतीवर पाच वीस होते. मिनिट इकडे नाही, मिनिट तिकडे नाही.

“भाऊजी, अर्धा तास झाला. उतरलात का?”

वहिनी! मी म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी मी सहा चाळीसला—”

“माहीत आहे. सगळं वाचलंय मी. फोन चालूच होता माझा. आधी सांगा, उतरलात का?”

“गेलोच नाही. जमिनीवरच आहे. घरी आहे.”

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला.

“मग लिहा तसं,” म्हणाल्या. “सहा वर्षं एक बघतेय. दोन लाल नाही बघवत मला.”

लिहिलं. “उतरलो.” माझी ओळ हिरवी होऊन खाली गेली.