मांडवातली कॅसेट

मस्कत, २० जानेवारी १९८४

ती. हिरूताईस, सहदेवाचा समुद्रापलीकडून नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आईच्या घशाचं होळीनंतर मुंबईला ऑपरेशन, त्यानंतर तिचा आवाज राहणार नाही, आणि हे तू वालाच्या बाजारभावाखाली दोन ओळींत उरकतेस? धन्य तुझी! रजा मागितली. साहेब म्हणतो करार मे महिन्यात संपतो, त्याआधी पासपोर्ट हातात मिळणार नाही.

माझं कॅसेटींचं वेड तुला ठाऊक आहे. इथल्या लोकांना घरून बोललेल्या कॅसेटी येतात. चार वेळा ऐकून झाल्या की त्याच पुसून त्यांवर जबाब भरून पाठवतात. मला ते बघवत नाही. मी त्यांना कोरी देतो आणि भरलेली ठेवून घेतो. माझ्या खाटेखाली खोकी भरली आहेत. सगळ्यांच्या आया माझ्या खाटेखाली, आणि आपलीच नाही!

तीस वर्षं जिनं मांडवात गायलेल्या धवल्यांशिवाय आपल्या भागात लग्न लागलं नाही, तिचा एक शब्द माझ्याकडे नसावा? तुझ्या लग्नात गोमा मामानं स्पूलच्या मशीनवर आईचं गाणं भरलं होतं. कर्जतला जाऊन तो स्पूल शोध. आजच जा.

उत्तराला उशीर करू नकोस, एवढी माया कर.

तुझा सहदेव

पोशीर, ४ फेब्रुवारी १९८४

चि. सहदेवास हिरूताईचे पोटभर आशीर्वाद.

आधी रडले, मग तुझ्यावर चिडले. वालाच्या भावाखाली काय हौसेनं लिहिलं? आई शेजारी बसून सारखी विचारत होती, काय लिहितेस म्हणून.

कर्जतला जाऊन आले. मामा गेल्यावर मामीनं सगळे स्पूल आपल्या आळीतल्या वाघ्याला देऊन टाकले. त्यानं ती पट्टी वालाच्या शेतात काठ्यांना ताणून बांधलीय, पोपट बसू नयेत म्हणून. वारा सुटला का भुंऽऽ करून वाजते. माझ्या लग्नातले धवले रं ते! उन्हानं करपून तुकडे पडलेत. मी बांधावर बसून रडले. आईला सांगितलं तर ती हसली. म्हणे पाखरं अजून भितात ना माझ्या आवाजाला, मग झालं तर.

नव्यानं गा म्हटलं तर ऐकत नाय. मांडवाबिगर धवला तोंडातून काढायचा नाय, हा तिचा नेम. घरात नुसती गुणगुणते, शब्द सोडत नाय. परवा चिमाच्या लग्नात तू धाडलेला टू-इन-वन टेप पदराखाली धरून बसले, तर मेल्यांनी कर्ण्यावर सिनेमाची गाणी लावली. कॅसेटभर नुसता कर्णा. आता होळीपर्यंत लांबचं लग्न तिला झेपायचं नाय. मी तरी काय करू?

जाता जाता, पळसदरीची जयवंता, तुझ्या वर्गातली, आता बालवाडी चालवते, ती आईला बघायला येते. औषधं आणून देते. तिनं अजून लग्न नाय केलं. सहज कळवते.

तब्येतीला जप, आमच्यावर राग धरू नकोस.

हिरू

मस्कत, १६ फेब्रुवारी १९८४

ती. ताईस सा. न. वि. वि.

वाघ्याला सांग, मी आलो की त्यालाच काठीला बांधून शेतात उभा करतो.

ताई, काहीतरी कर. तुळशीचं लग्न लाव, बाहुल्यांचं लाव. काम करताना हातातला पाना सुटतो, फोरमन ओरडतो. आईला म्हणावं, नेम आमच्यासाठी एकदा मोड. होळी किती जवळ आली! तिकडे कुणाला घाई कशी नाही? बाकी मजकूर वाचला. त्याबद्दल मागून लिहीन.

चिडून लिहिलं तरी माया कमी करू नकोस.

सहदेव

पोशीर, ६ मार्च १९८४

चि. सहदेवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईनं मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय. नेम मोड म्हणून तुझा निरोप रात्री सांगितला. सकाळी उठून बघते तर अंगणात बांबू रोवून घेतेय! वाघ्याला कामाला जुंपलेलं, पट्टीचा दंड म्हणून. वर आंब्याच्या पानांचे टाळे, खाली कलश. हे काय म्हणून विचारलं तर म्हणे, पोराचं लगीन हाय.

दुपारपर्यंत सगळी आळी अंगणात. मुलगी कुठली, जेवण कधी, मला का सांगितलं नाय! जना तर अहेराचं लुगडं घेऊनच आली. मी लाजेनं अर्धी झाले. आईनं सगळ्यांना सांगून टाकलं, मुलगी ठरायची हाय, पण माझा आवाज तोवर थांबायचा नाय, म्हणून मांडव आधी. मग कुणी हसलं नाय. बायका चटया टाकून बसल्या.

नवरदेव नाय तर हळद कुणाला लावायची? तिनं टू-इन-वनला लावली. लाल बटणावर डाग पडलाय, तो पुसू देत नाय.

आणि गायली रं! घसा घोगरा, मध्येच खोकला, पण गायली. तुझं नाव आलं का आवाज चढवायची. नवरीचं नाव घ्यायची वेळ आली का गप्प. तेवढी जागा सोडायची आणि पुढची ओळ धरायची, दर खेपेला तसंच. नंतर विचारलं तर म्हणाली, ती जागा त्यानं भरायची, माझं काम झालं.

कॅसेट पळसदरीच्या गजाबरोबर धाडतेय. उन्हात ठेवू नकोस.

सुखरूप राहा, आमची आठवण ठेव.

हिरू

मस्कत, २० मार्च १९८४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गजा पोचला. शुक्रवारी खोलीतले सगळे जेवायला गेले, मी गेलो नाही. पहिल्यांदा ऐकली तेव्हा नुसता रडलो. दुसऱ्यांदा त्या मोकळ्या जागांपाशी अडकलो. तिथं कोंबडी ओरडते, कुणाच्या बांगड्या वाजतात आणि आई श्वास घेते.

मग मी नावं घालून पाहिली. हसू नकोस. जना, चिमा, बायजा, सगळी तोकडी पडतात. नाव संपतं आणि आई थांबलेलीच असते. सगळ्या जागा अगदी सारख्या. जन्मभर ताल धरलेली बाई उगाच एवढी थांबेल? तिथं चार अक्षरं लागतात, ताई. तसं एकच नाव मला ठाऊक आहे, आणि ते तू मला ‘सहज’ कळवलं होतंस. दोघींचा कट असेल तर आताच कबूल कर.

मलाही ते नाव आवडतं. शाळेपासून आवडतं. कधी बोलायची छाती झाली नाही. आईला सांग, जागा भरली. पण जिचं नाव आहे तिलाही आधी विचार. माझ्यासाठी थांबायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनचं काय झालं, ताबडतोब तार कर.

सहदेव

पोशीर, ९ एप्रिल १९८४

चि. सहदेवास ताईचे आणि आईचे आशीर्वाद.

तार पोचली असेल. आईच्या जिवाचा धोका टळला, आवाज गेला. कालच घरी आणली. तुझं पत्र खाटेशी बसून वाचून दाखवलं. तुझी शपथ, कट नव्हता रं. मी कळवलं ते माझ्या मनानं, तिनं जागा सोडली ती तिच्या मनानं. चार अक्षरांपाशी आले तशी ती हसायला लागली. आवाज नाय, नुसते खांदे हलत होते. मग मलाही आवरेना.

जयवंता तिथंच पेज घेऊन बसली होती. मला सुचलं नाय, मी तिच्यासमोरच पुढचं वाचलं. ती लालेलाल होऊन उठली, मला वाटलं चिडली. पण भांडं ठेवून परत आली आणि म्हणाली, धवले गायला दुसरी धवलारीण बोलवायची नाय. मांडवात हीच कॅसेट लावायची, आणि मोकळ्या जागी सगळ्या बायकांनी मिळून नाव घ्यायचं. आईनं तिचा हात धरला तो सोडीना.

मांडव अजून उभा हाय. काढू का म्हणून विचारलं तर आईनं डोळे वटारले. टाळे सुकले की खाटेवरूनच वाघ्याला खूण करते, तो नवे आणून बांधतो. करार संपला की कुठंही न थांबता ये.

माया तर हायच, ती काय मागायची. कॅसेट तेवढी सांभाळून आण.

हिरू