नावेतली बाई आणि तिसरं रीळ

अण्णा, तुमची ती नावेतली बाई गेली. पिकल्या वयात, तिकडे पॅरिसमध्येच. ऑफिसात कॉम्प्युटरवर बातमी वाचली आणि सवयीनं उभी राहिले. ही सवय तुमची. त्या जुन्या फ्रेंच सिनेमावाल्यांपैकी कुणी नट गेला, कुणी दिग्दर्शक गेला, की सांगलीच्या आपल्या फिल्म सोसायटीत, शाळेच्या हॉलमध्ये, खुर्चीवर मासिकातून कापलेला फोटो, त्याला तगरीची चार फुलं, दोन मिनिटं शांतता आणि जमलंच तर त्याचा एखादा सिनेमा. ज्यांची भाषा येत नाही त्यांच्यासाठी तुमचा गळा दाटून यायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, लोकांची तेरावी घालायची हौस फार. मीही बाजूला उभी राहून तुमच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, हे खरं रडतायत का?

पुढे संशय हाच माझा धंदा झाला. इथे अमेरिकेत, नोव्हायला, मी गाड्यांचे सुटे भाग तपासते. सप्लायर म्हणतो पार्ट ओके आहे, मी म्हणते दाखव. हल्ली या देशात विमानतळावर लोकांचे बूटसुद्धा काढून बघतात, त्यामुळे माझ्या स्वभावाला कुणी नावं ठेवत नाही. तर त्या शनिवारी लेक पोहायला गेली होती आणि मी लायब्ररीतून त्या बाईच्या सिनेमाची डीव्हीडी आणून एकटी बघत बसले. आपण पाहिला होता तोच. आई गेली त्याच वर्षी तुम्ही तो लावला होता, एका दिग्दर्शकाच्या शोकसभेत. मला अजून लख्ख आठवतं. ती बाई आजारी पडते, पांढऱ्या पलंगावर मरते, नवरा उठून खिडकी लावतो. मग हॉलमधले दिवे लागतात, कारण प्रोजेक्टर एकच, रीळ बदलायला वेळ लागणार. पुन्हा अंधार होतो, आणि ती बाई नदीत नावेत बसलेली असते. नवऱ्याच्या तोंडावर पाणी उडवते, हसते, हसतच राहते, आणि सिनेमा संपतो.

डीव्हीडीत नाव मधेच येऊन गेली. शेवटी पलंग, शेवटी खिडकी, आणि मग समाप्तीची पाटी. तुम्ही आम्हाला तिसरं रीळ आधी दाखवलं होतंत आणि दुसरं नंतर.

पुढच्याच महिन्यात आम्ही शिकागोला गेलो, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत सामान भरायला. तिथे मिठाईच्या दुकानात तुमच्या सोसायटीतले काका भेटले, हल्ली मुलाकडे असतात. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ते चहाचा कप खाली ठेवून हसायलाच लागले. त्या दिवशी म्हणे चर्चा तासभर चालली. कॉलेजचे प्राध्यापक काळाच्या उलट्या प्रवाहावर बोलले, कुणी म्हणालं, असं धाडस फ्रेंचच करू जाणे, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. "अगं, चूक होती ती," काका म्हणाले. "रिळांच्या डब्यांवरचे आकडे पुसलेले असायचे ना. अण्णांनी नंतर मला एकट्याला सांगितलं, बोलू नकोस म्हणाले."

मीही हसले. पण मला ते पटलं नाही, अण्णा. डब्यांना तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत, आदल्या दिवशी प्रत्येक रीळ स्वतः चालवून बघायचात. आणि एक गोष्ट काकांना आठवत नाही, मला आठवते. नवरा खिडकी लावतो ना, त्यानंतर पडद्यावर एक मोठी काळी सावली आली होती. पाच बोटांची. तुम्ही भिंगासमोर हात धरला होतात. इतकी वर्षं मला वाटायचं, काहीतरी नीट करताय. आता कळलं, त्या क्षणाला तिथे समाप्तीची पाटी होती.

घरी परतताना मी तुम्हाला विचारलं होतं, मेलेली बाई परत कशी आली. तुम्ही एवढे कधी रागावत नव्हता. म्हणालात, "जे शेवटी दिसतं तेच खरं. उगाच शंका काढू नकोस." त्यानंतर कितीतरी दिवस मी आपल्या दाराची कडी वाजली की आई आली म्हणून धावत जायचे. कधी दूधवाला असायचा, कधी पोस्टमन. याचा मला अजून राग आहे, आणि तो तुम्हाला कळायला हवा होता. लहान पोरीला असं फसवतात का? मग दुसरी शंका येते, ती जास्त छळते. ते रीळ तुम्ही माझ्यासाठी फिरवलं होतंत, की स्वतःसाठीच? गळा दाटायचा तो कुणाच्या नावानं?

काल लेकीला तो सिनेमा दाखवायला बसले. तेव्हा मी होते तेवढीच आहे ती आता. नाव जवळ आली तशी मी रिमोट उचलला आणि पुढे उडी मारून थेट आजारपणावर गेले. पलंग झाला, खिडकी झाली, आणि मी उठून टीव्हीसमोर उभी राहिले.

"आई, मूव्ह. व्हॉट आर यू हायडिंग?" ती म्हणाली. गुण घराण्यातलाच. "काही नाही," मी म्हणाले, "अजून संपला नाहीये." मग मागे जाऊन नाव लावली. तिनं एकदा माझ्याकडे संशयानं पाहिलं, आणि मग सरकून माझ्या कुशीत येऊन बसली.

हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून इथेच राहील. फक्त एक कबूल करते. रिळं कुणी फिरवली, कशी फिरवली, सगळं ठाऊक असूनही, ती बाई पाणी उडवायला लागली तेव्हा मी दाराकडे पाहिलं.